उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे

रामटेकच्या श्री शांतिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्राच्या दर्शनास विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून श्रावक कुटुंबे वर्षभर येत असतात. परमपूज्य आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचे चातुर्मास येथे झाले, तेव्हापासून हा ओघ अधिकच वाढला. बहुतेक वाहने नागपूर-जबलपूर राष्ट्रीय महामार्गाने येतात आणि मनसरला वळून रामटेक गाठतात. याच मार्गावर मालाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि साधु-साध्वींचा पदविहारही याच रस्त्याच्या कडेने होतो. अशा वाटेवर अपघात घडलाच, तर पहिल्या दहा मिनिटांत जवळच्या माणसांनी काय करावे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सामान्यतः घडते ते असे. वाहन उलटते, माणसे धावतात. कोणी जखमीच्या काखेत हात घालतो, कोणी पाय धरतो. त्यास बसते करतात, तोंडाला पाणी लावतात आणि रिक्षाच्या किंवा मोटारीच्या मागील आसनावर दुमडून रुग्णालयाकडे नेतात. यामागे करुणाच असते. परंतु मानेचा किंवा पाठीचा मणका मोडला असेल, तर याच धावपळीत बरा होऊ शकणारा माणूस जन्मभरासाठी पांगळा होऊ शकतो.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूची आज्ञा हातापायांना याच वाटेने पोहोचते. मणका मोडला तरी मज्जारज्जू शाबूत असू शकतो. मात्र मान वळली वा पाठ वाकली की मोडका मणका सरकून त्यावर दाब आणतो. मज्जारज्जू तुटला तर हाडासारखा सांधत नाही. श्वासपटलास चालविणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघतात. म्हणून त्याच्या वर गंभीर इजा झाल्यास श्वासही थांबू शकतो.

जैन मुनींच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना कोणत्याही जीवास पीडा होऊ नये, असा तिचा आशय. कमंडलू उचलताना जी यत्ना सांगितली, ती जखमी मनुष्यास उचलताना किती अधिक हवी, याचा श्रावकांनी विचार करावा.

मणक्याच्या इजेची शंका केवळ महामार्गावरच घ्यावी असे नाही. गडमंदिराच्या पायऱ्यांवरून झालेली घसरण, गोदामातील शिडीवरून पडणे, रचलेली पोती अंगावर कोसळणे, उथळ पाण्यात मारलेला सूर, ही सारी तशीच निमित्ते होत. मान वा पाठ दुखणे, हातापायांस मुंग्या वा बधिरपणा येणे, अवयव न हलणे, नकळत लघवी होणे ही लक्षणे होत. जखमी बेशुद्ध असेल, तर मणक्यास इजा आहे असेच गृहीत धरावे.

प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत. मग १०८ किंवा ११२ हा क्रमांक लावून ठिकाण, जखमींची संख्या आणि त्यांची अवस्था सांगावी. एकाने जखमीच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही तळहातांनी डोके ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत स्थिर धरावे. ते ओढू नये किंवा सरळ करू नये. जखमीस शांत शब्दांत सांगावे की मान हलवू नका, मदत येत आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत हे हात सोडू नयेत.

श्वास मात्र सर्वांत आधी. श्वास अडखळत असेल तर मान मागे न झुकविता जबडा दोन्ही बाजूंनी पुढे सरकवावा. नेहमीसारखा श्वास नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मणक्याच्या भीतीने हे टाळू नये. उलटी होऊ लागल्यास तीन-चार जणांनी डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून, एखादा ओंडका वळवावा तसे संपूर्ण शरीर एकदम कुशीवर करावे.

डोक्यातून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबावे. परंतु कवटी खचलेली वाटत असेल तेथे दाब देऊ नये. नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येत असेल तर बोळा कोंबू नये. श्वासास अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नये. पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये. घशात अडकण्याची भीती असते आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर अडचण होते. वाहनाला आग लागली असेल तरच जागा बदलावी. तेव्हाही खांद्याजवळचे कपडे धरून, डोक्याला दोन्ही बाजूंनी हातांचा आधार देत, शरीराच्या सरळ रेषेत मागे ओढावे.

डोक्याच्या माराचा आणखी एक धोका असा की, जखमी प्रथम ठीक दिसतो, बोलतो, चालतो आणि काही तासांनी ग्लानीत जातो. कवटीच्या आत रक्त साठत असते. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटके किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास क्षणही दवडू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वडीलधाऱ्यांस किरकोळ मार लागला तरी डॉक्टरांस दाखवावे.

रामटेकहून नागपूर सुमारे ५० किलोमीटर आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ट्रॉमा केअर सेंटर आहे. परंतु तेथपर्यंतचा प्रवास आडव्या व स्थिर अवस्थेत होणे महत्त्वाचे. म्हणून खासगी मोटारीपेक्षा रुग्णवाहिकेची वाट पाहणे बहुधा हिताचे ठरते.

व्यापारी माणूस थबकतो तो पोलीस, साक्ष आणि खर्च यांच्या विचाराने. ही भीती आता अनाठायी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य होय. २०१६ च्या निर्णयाने मदत करणाऱ्यांस संरक्षण मिळाले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्यास नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजनाही लागू आहे.

इजा टाळणे हे उपचाराहून श्रेष्ठ. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे मोटारीच्या मागील आसनावर बसले असता अपघात झाला. मानेच्या मणक्यांना आणि यकृताला झालेली इजा प्राणघातक ठरली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. दोघेही मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्यास पट्टा नको, हा समज आपल्या घरांत आजही आहे. आजी-आजोबा आणि मुले मागेच बसतात.

पुढील यात्रेस निघताना गाडीतील प्रत्येकाचा पट्टा तपासावा आणि १०८ क्रमांक सर्वांच्या तोंडी आहे ना, हे पाहावे. पर्युषण वा दशलक्षण पर्वानंतरच्या एखाद्या रविवारी मंदिराच्या सभागृहात डॉक्टरांना बोलावून, तरुण मंडळाने आणि महिला मंडळाने डोके स्थिर धरण्याचा व कुशीवर वळविण्याचा सराव करावा. तासाभराचे हे काम आहे. ज्या कोणासाठी ते उपयोगी पडेल, तो कदाचित आपल्याच घरचा असेल.