डोक्यावरून अंघोळ

पक्षाघाताने अथवा खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेची शुश्रूषा आपल्या घरांतून बहुधा निष्ठेने होते. औषधे वेळेवर दिली जातात, अंग पुसले जाते, पेज भरवली जाते. परंतु डोक्यावरून अंघोळ मात्र आज-उद्यावर जात राहते, कारण पाणी जाईल कुठे, मान धरील कोण आणि सर्दी झाली तर करायचे काय, या प्रश्नांपुढे घरची माणसे हात टेकतात. मग एके दिवशी, जटा झाल्या, उवा पडल्या, असे म्हणत तिचे केस कानापर्यंत कापले जातात आणि बहुतेक वेळा तिला विचारलेलेही नसते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. बाईच्या केसांविषयीचा निर्णय बाईचाच, हे त्या नकारामागचे तत्त्व वार्धक्याने वा व्याधीने रद्द होत नाही, हे निक्षून सांगणे मला अगत्याचे वाटते.

अंथरुणावरच्या माणसाला डोक्यावरून अंघोळ घालण्याचे काम घरोघर जाऊन करणाऱ्या बाया कोल्हापुरात आहेत. शिवाजी पेठेतल्या एका माडीवर त्यांपैकी एकीचे कसब मी जवळून पाहिले. तिने उशी काढून आजींच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, मेणकापडाच्या कडा वळवून पन्हळ केली व तिचे टोक खालच्या बादलीत सोडले, कानांत कापसाचे बोळे घातले, पाण्याची ऊब स्वतःच्या मनगटावर पारखली आणि कपाळावर तळवा आडवा धरून, डोळ्यांत थेंबही जाऊ न देता, तांब्याने धार सोडीत विचारले, "आजी, कढत न्हाई न्हवं?" गुंता तिने टोकाकडून सोडवला, आणि डोक्याच्या मागच्या बाजूस, सततच्या दाबाने जिथे त्वचा लाल होऊ लागली होती, ती जागा सुनेला दाखवून कूस बदलण्याविषयी बजावले.

असे काम अडाणी हाती पडले तर अपायही होतो. पार्लरच्या कुंडीवर मान मागे ताणल्याने मेंदूचा रक्तपुरवठा बिघडलेले पाच रुग्ण अमेरिकेतील वाईनट्राउब नावाच्या डॉक्टरांनी १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. आपल्याकडे मणक्याची झीज झालेली आजी त्याच कुंडीवर बिनदिक्कत झुकवली जाते.

पूर्वी न्हावी धोकटी घेऊन घरी येई आणि सुगीला बलुते नेई. जन्माने लादलेल्या धंद्यांची ती पद्धत परत यावी असे शाहू छत्रपतींच्या या करवीरनगरीत तरी कोणी म्हणणार नाही. परंतु धंदा दुकानात गेला तेव्हा जिना चढू न शकणारा माणूस बाहेर राहिला, याची दखल कोणी घेतली नाही. ज्या शहरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' स्थापून चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना शिक्षण आणि रोजगार यांची वाट दाखवली, त्या शहराने ही उणीव भरून काढणे अवघड नाही. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत नाभिकांचा समावेश आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांची तरतूद आहे; त्या प्रशिक्षणात अंथरुणावरील माणसाचे डोके धुण्याचा एक दिवस घालावा आणि अवजारांत त्यासाठीचे घडीचे भांडे धरावे.

राहिला मेहनतान्याचा प्रश्न. या कामाला तास-तास लागतो, साहित्य वाहून न्यावे लागते, तरी "केस मूठभरच आहेत, कमी घ्या" अशी घासाघीस ऐकू येते, आणि ती करणारे पुष्कळदा खाऊनपिऊन सुखी असतात. त्यांनी पुरा दर द्यावा. ज्यांची ऐपत नाही अशा घरांतील दिव्यांगांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी राखून ठेवायचा पाच टक्के निधी आहे. महानगरपालिकेने प्रभागवार अशा कारागिरांची, विशेषतः स्त्रियांची, यादी करून त्यांचा मेहनताना त्यातून परभारे द्यावा.