सज्ञान मनोरुग्णांचे हक्क आणि पालकांची बाजू

स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे गंभीर मानसिक आजार बहुधा तरुणपणी, शिक्षण संपत असताना किंवा नोकरी लागत असताना सुरू होतात. तोवर मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची होऊन कायद्याच्या लेखी सज्ञान झालेली असते. औषधपाणी, जेवणखाण, पैसा, जागरणे हे सारे आई-वडिलांकडे राहते. स्वतःविषयीचा निर्णय घेण्याचा अधिकार मात्र मुलाचा असतो. अशा मुलांच्या हक्कांसाठी पालकांनी रुग्णालयात, सरकारदरबारी आणि भावकीतही भांडलेच पाहिजे. हे भांडण मुलाला विचारून, त्याच्या बाजूने व्हावे, आणि ते भांडता येईल एवढी सोय सरकारने तालुक्यापर्यंत आणावी.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मनोरुग्णाला उपचाराचा, समाजात राहण्याचा, सन्मानाने वागवले जाण्याचा आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्याला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधता येत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या आश्रयगृहात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्यांना पळता आले नाही आणि 28 जणांचे प्राण गेले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे. तरीही घरात अचानक आजार उद्भवला की अनेक कुटुंबे आधी देवऋषी गाठतात. कारण तो शेजारच्या गावात असतो आणि मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी.

2017 च्या कायद्यात पालकांसाठी सर्वांत उपयोगी तरतूद आहे ती नामनिर्देशित प्रतिनिधीची. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. असा कोणी नेमलेला नसेल तर नातेवाइकाला ही भूमिका मिळते. आजाराची आणि उपचारांची माहिती मागणे, दाखल करण्यासाठी किंवा घरी सोडण्यासाठी अर्ज करणे, घरी सोडण्याच्या नियोजनात भाग घेणे, हक्कांवर गदा आली तर या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करणे, एवढे अधिकार प्रतिनिधीला आहेत. मात्र रुग्णाची आजची आणि पूर्वीची इच्छा विचारात घेण्याचे बंधनही त्याच्यावर आहे.

या बंधनावर अनेक पालकांचा आक्षेप असतो. आजाराच्या भरात मुलगा औषध नाकारतो, आपण आजारी आहोत हेच मानत नाही. तेव्हा त्याची इच्छा कशी धरायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. कायद्यात त्याचे उत्तर आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेणेही जमत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर रुग्णाला 30 दिवसांपर्यंत दाखल करता येते. शिवाय बरे वाटत असताना आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आहे. मुलगा सावरलेला असताना त्याच्यासोबत बसून हा कागद तयार करणे, हे पालकांचे पहिले काम ठरते.

उणीव आहे ती अंमलबजावणीत. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. खटाव तालुक्यातील औंधहून सातारा सुमारे 40 किलोमीटर आणि येरवडा त्याहून शंभरावर किलोमीटर पुढे. भाडे, बुडालेली मजुरी आणि बिथरलेल्या मुलाला एसटीत सांभाळण्याची कसरत यांतच उपचार तुटतात. जिल्ह्यात किमान मानसिक आरोग्यसेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असे कायदा सांगतो. हे बहुतेक पालकांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरी मोठी चिंता 'आमच्यानंतर कोण?' ही आहे. 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून रुग्णाचा पालक आणि त्याच्या मालमत्तेचा व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. 2017 च्या कायद्यात ते प्रकरणच नाही. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. उरते ते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्व. ते ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार असते. ही दिशा योग्य आहे, पण आई-वडिलांच्या पश्चात सातबारावरील वाटा, बँकेतली ठेव आणि राहते घर रोजच्या रोज सांभाळायला ती पुरत नाही. भावंडांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली तर ती वैध कशी ठरली, हे विचारणारेही कोणी उरत नाही. म्हणून पालकांनी हयातीतच मृत्युपत्र किंवा न्यास करून ठेवावा आणि सरकारने ही कायदेशीर पोकळी भरून काढावी.

एकट्या कुटुंबाचे कोणी ऐकत नाही, संघटनेचे ऐकावे लागते. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. शुभंकर आणि शुभार्थी, म्हणजे काळजी घेणारे आणि आजाराशी झुंजणारे, यांचे स्वमदत गट तिथे चालतात. साताऱ्यात परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचे काम करते. असे गट तालुक्याच्या गावी निघाले, तर एका पालकाची विनवणी अनेकांची मागणी होईल.

मोकळीक आणि विश्वास माणसाला सावरतात, हे या भागाला नवे नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीविना वसाहत उभारली. शिक्षा झालेल्या माणसावर जो विश्वास तेव्हा टाकला गेला, तो केवळ आजारी पडलेल्या माणसाला आज नाकारता येणार नाही.

म्हणून सातारा आणि सांगली जिल्हा प्रशासनाने प्रत्येक तालुक्यात महिन्याचा ठरलेला दिवस जाहीर करून मनोविकारतज्ज्ञ आणि मोफत औषधे उपलब्ध ठेवावीत. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणीही तिथेच व्हावी. पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि तक्रारीची पद्धत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठळकपणे लावावी. पालकांनी या मागण्या ग्रामसभेत मांडाव्यात, आणि त्या मांडताना आपल्या मुलामुलींनाही, त्यांची तयारी असेल तर, बोलू द्यावे.

– एक वाचक, औंध (ता. खटाव, जि. सातारा)