काचेची टाकी, वऱ्हाडचा उन्हाळा आणि आपलं अणुव्रत



आजचा विषय माशांच्या टाकीचा. "जैनाच्या घरात मासे?" असं काहीजणी विचारतील, म्हणून माझं मत आधीच सांगते. शोभेसाठी मासे विकत आणू नयेत. वास्तुदोष जावा म्हणून तर मुळीच आणू नयेत. पण अमरावती काय नि अकोला काय, आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत टाकी आहेच. नातवाच्या वाढदिवसाला कोणी भेट देतं, भाडेकरू मागे ठेवून जातो, मुलगा पुण्याला नोकरीला लागला की त्याचा छंद आईच्या गळ्यात पडतो. आमच्याकडे ती अशीच तिसऱ्या वाटेने आली. अडीच फुटांची टाकी आणि आठ मॉली. एकदा जीव घरात आले की 'आणावेत का' हा प्रश्न संपतो आणि 'यांचं काय करायचं' हा सुरू होतो.

"वडाळी तलावात सोडून द्या, अभयदान होईल," असं मला दोघी-तिघींनी सुचवलं. हे करू नका. टाकीतले बहुतेक मासे परदेशी जातीचे असतात. काही तलावात मरतात, काही तगतात आणि तिथल्या मूळ माशांचं अन्न नि जागा घेतात. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा काळा सकरमासा असाच सोडला गेला आणि आज आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत त्याने ठाण मांडलं आहे. एका जिवाला सोडून शंभरांवर संकट आणणं ही दया नव्हे.

मग उरते ती जबाबदारी. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपण ते गाय-बैलांपुरते वाचतो. टाकीसमोर उभं राहून वाचून बघा. काचेत कोंडणं हा बंध तर आहेच. लहान टाकीत तीस मासे भरणं हा मला अतिभारच वाटतो. म्हणून आमच्याकडे सगळे नरच आहेत. मॉलीची वीण फार भराभर होते. आणि शिखरजीच्या यात्रेला दहा दिवस कुलूप लावून जाणं म्हणजे अन्नपाननिरोध. बंध आपल्या हातून सुटण्यासारखा नाही, पण बाकीचे दोन टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे.

माशासाठी 'पान' म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्या पाण्यातली हवा आणि त्याची उष्णताही त्यात आली. आपल्या वऱ्हाडात खरी अडचण इथेच आहे. 2024 च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता, आठवतं ना? अशा दिवसांत बंद खोलीतल्या टाकीचं पाणी 32-33 अंशांवर सहज जातं. या माशांना साधारण 24 ते 28 अंश मानवतात. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. उलट पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो. त्यातच दुपारी वीज गेली की हवेचा पंप बंद. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो आणि आपण म्हणतो, बघा कसा खेळतो!

यावर आमच्याकडे उपाय केला तो अकोल्याच्या माझ्या भाच्याने. तो इंजिनीअरिंगला आहे. रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक मिळतो. मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी तो 2012 साली बाजारात आणला. त्याचं सगळ्यात लहान मॉडेल दोन बोटांएवढं असतं. त्याला पाण्यात बुडवायचा तापमापक सेन्सर, पाण्याची पातळी सांगणारा तरंगता स्विच आणि वीज चालू-बंद करणारा रिले जोडला, की झाला टाकीचा रखवालदार. प्रवाळांच्या टाक्या सांभाळण्यासाठी 'रीफ-पाय' नावाची फुकट प्रणालीही आहे. आमचं काम छोटं, म्हणून भाच्याने स्वतःच चार ओळी लिहिल्या.

मी बी.कॉम. झालेली बाई, मला त्यात दिसते ती रोजकीर्द. दर पाच मिनिटांनी तो तापमानाची नोंद करतो आणि ठरलेल्या आकड्याशी ताळा करतो. पाणी साडेअठ्ठावीसच्या वर गेलं की टाकीवरचे दोन छोटे पंखे सुरू, साडेसत्तावीसला आलं की बंद. मध्ये एक अंशाचं अंतर मुद्दाम ठेवलं आहे, नाहीतर पंखे क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहतील. पंख्याने पाणी गार होतं ते आपल्या कूलरसारखं, बाष्पीभवनाने. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, जुलैच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही.

पण उडालेल्या पाण्याचा हिशेबही ठेवावा लागतो. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. आपल्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी आधीच खारट, त्याचीच भर घातली तर टाकी दिवसेंदिवस खारी होत जाते. म्हणून पातळी उतरली की संगणक फक्त मोबाईलवर कळवतो, भर मी घालते. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी आणि आठवड्याच्या बदलासाठी क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी.

खर्च सांगते. संगणक दीड-दोन हजारांच्या घरात, सेन्सर नि रिले दोनशेच्या आसपास एकेक, बाकी पंखे, तारा, चार्जर आणि वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी. आमच्या वहीत एकूण पाच हजारांच्या आत बसलं. बाहेरून येणारी तयार यंत्रं याच्या कितीतरी पट महाग असतात.

दोन गोष्टी मात्र करून घ्याच. पहिली, संगणक बंद पडला तरी पंखे आणि हवेचा पंप चालूच राहतील अशी जोडणी करायला सांगा. यंत्र थांबलं म्हणून जीव जाता कामा नये. दुसरी, प्रत्येक तार सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब खालीच पडेल, सॉकेटात जाणार नाही. पाण्याजवळची वीज आहे. घरात गळती ओळखणारा ब्रेकर हवाच.

कोणी म्हणेल, एवढी यंत्रं म्हणजे अधिक आरंभ, अधिक हिंसा. त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. पण गृहस्थाला आरंभ सुटत नाही, त्याला यतना सांगितली आहे. आपण पाणी गाळतो आणि गाळण्यावरचे जीव परत पाण्यात सोडतो, तीच यतना. पाच व्होल्टचा संगणक त्याहून वेगळं काही करत नाही.

तरी यंत्रावर सगळं टाकू नका. पाण्यात साचणारा अमोनिया आमचा रखवालदार मोजत नाही; त्यासाठी थेंबांची तपासणी आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं हे हातानेच करायचं. खाण्याचंही तसंच. बाजारातल्या बहुतेक दाण्यांत माशांचीच भुकटी असते, शिवाय जिवंत अळ्याही विकतात. डबा वाचून घ्या. मॉली शेवाळाची भुकटी आणि उकडलेला पालक आनंदाने खातात. यात्रेला निघताना दाणे टाकणाऱ्या यंत्रापेक्षा शेजारीण बरी, मोजून बांधलेल्या पुड्यांसह.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टाकी येते मुलांच्या हौसेने, पण सांभाळते घरातली बाई. मग यंत्राचे आकडेही तिलाच बदलता आले पाहिजेत. "आत्या, तुला नाही जमायचं," असं भाचा म्हणत होता. आता कोणत्या ऋतूत किती अंश ठेवायचे ते मीच ठरवते. जिला घरखर्चाची वही लिहिता येते, तिला हे नक्की जमतं. ज्यांच्या घरी टाकी नाही त्यांनी ती आणू नये. ज्यांच्या घरी आहे त्यांनी एप्रिल लागायच्या आधी पाण्यात तापमापक बुडवून आकडा वाचावा. पुढचं काय करायचं ते तो आकडाच सांगेल.