प्रार्थना आणि हिशेब

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाज संख्येनें लहान आहे. परंतु त्यांत पंथ अनेक. कोणी रोमन कॅथलिक, कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कोणी मेथॉडिस्ट, तर कोणी स्वतंत्र प्रार्थनामंडळांचे. 'ईश्वर आमच्या जखमा भरून आणील व आम्हांस एक करील,' ही प्रार्थना मात्र सर्वांची सारखीच आहे. या भरंवशाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. संकटांत पुष्कळांस तोच तारतो. परंतु वैद्यावर ज्याचा खरा विश्वास, तो रोगी जखम उघडी करून दाखवितो. तिच्यावर शेला पांघरून स्वस्थ बसत नाहीं.

अशा कर्त्या श्रद्धेचें उदाहरण मराठवाड्यांतच आहे. जन्मानें ब्राह्मण असलेल्या नारायण शेषाद्रि यांनीं १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतला. पुढें त्यांनीं जालन्याजवळ बेथेल ही वसाहत स्थापिली, व तेथें मुख्यतः मांग व महार कुटुंबें वसविलीं. ज्यांची सावलीही त्या काळीं टाळली जात असे, त्यांच्यांतच त्यांनीं आपलें कार्य केलें. जातीची जखम ईश्वर भरील असें म्हणून ते दूर उभे राहिले नाहींत.

पंथभेदाचीही हीच कथा. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांत सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. त्यामागें सुमारें चाळीस वर्षांच्या वाटाघाटी होत्या. आणि तरीही अमेरिकन मेथॉडिस्ट परंपरेची मंडळी ऐन वेळीं बाहेर राहिली. ऐक्याचा आरंभ प्रार्थनेनें होतो; परंतु अधिकार, मालमत्ता व नियम यांविषयीं मोकळेपणानें बोलल्यावांचून तें पुरें होत नाहीं, हाच यांतील बोध. नांदेडच्या कापूसवाल्यास किंवा लातूरच्या अडत्यास हें सांगावयास नको. वही उघडी असेल तोंवरच भागी टिकते.

म्हणून आमच्या सूचना तीन. मंडळींतील वाद न्यायालयांत नेण्यापूर्वीं उभयपक्षीं मान्य अशा पंचांपुढें ठेवावा. देणग्यांचा व जमिनींचा हिशेब दरवर्षीं सर्व सभासदांपुढें वाचावा. आणि सोयरीक जुळवितांना पूर्वजांची जात विचारूं नये. यांपैकीं तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, व म्हणूनच खरी कसोटी. ज्या पंगतींत प्रभूचें भोजन एकत्र होतें, त्याच पंगतींतील घरांत मुलगी देतांना कुळ शोधणें, हें प्रार्थनेस शोभणारें नव्हे.

अन्यधर्मीय वाचकांनीं हें वाचून स्वतःस निर्दोष समजूं नये. देवस्थानांचे तंटे व सोयरिकींतील जात आपल्या दारींही आहेतच. बरें करणारा ईश्वर समर्थ असेल. पण पट्टी सोडण्याचें धैर्य रोग्यासच दाखवावें लागतें.