आधी शेड, मग धंदा?



२०२० साली केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था काढण्याची योजना आणली. सपाट मुलखात किमान ३०० सभासद, भागभांडवलाला सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत सरकारी जोड. लातूर-नांदेडातही पाट्या लागल्या. प्रकल्प अहवाल सल्लागाराने लिहिला, सभासदाला दाखवली फक्त सहीची जागा.

हिशेब करा. ३०० जणांनी दोन-दोन हजार घातले, सरकारने तितकेच दिले, झाले १२ लाख. कापूस सात हजारांनी धरला तर १७१ क्विंटल. माणशी अर्ध्या क्विंटलाच्या थोडे वर! बाकीचा कापूस जाणार खेडा खरेदीवाल्याच्याच काट्यावर, कारण रोकड त्याच्या खिशात आहे आणि दिवाळीला आपल्याला ती हवी आहे. जिनिंगवाला कंपनीला महिन्याने पैसे देणार असेल तर तो महिना कोणी काढायचा? आम्ही पाहिलेल्या अहवालांत शेडची लांबी-रुंदी चोख, या महिन्याबद्दल अवाक्षर नाही. ज्वारीचे तर नावही नाही.

योजनेत कर्जहमीची तरतूद आहे. मग बँकेने कॅश क्रेडिट वेचणीआधी मंजूर करावे. तो कागद हातात पडेपर्यंत शेडच्या ठरावाला आमचा हात वर होणार नाही.