ज्यांचे नाव, त्यांची संमती

अमेरिकेतील क्रीडासंघांना मूलनिवासींवरून दिलेल्या नावांचा वाद मिटला असे वाटत असतानाच जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाला आणि क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाला जुनी नावे परत घ्यायला सांगितले. त्यामुळे जुन्या नावांच्या समर्थकांचे मुद्दे पुन्हा एकदा तपासून पाहणे भाग आहे.

पहिला मुद्दा गौरवाचा. क्लीव्हलंडचा संघ वर्षानुवर्षे सांगत आला की, १८९७ मध्ये शहराच्या संघात दाखल झालेल्या लुई सॉकलेक्सिस या पेनॉबस्कॉट जमातीच्या खेळाडूच्या सन्मानार्थ १९१५ मध्ये ‘इंडियन्स’ हे नाव घेतले. सॉकलेक्सिस खेळायला उतरला की प्रेक्षक आदिवासींच्या रणगर्जनेची नक्कल करून त्याला हिणवत. पुढे ‘इंडियन्स’च्या टोपीवर ‘चीफ वाहू’ अवतरला : लालभडक चेहरा, अवाढव्य नाक, बत्तिशी दाखवणारे हसू आणि डोक्यामागे खोचलेले एक पीस. हा कुणा माणसाचा गौरव कसा म्हणायचा? २००० मध्ये खुद्द पेनॉबस्कॉट जमातीने हे चित्र काढून टाकण्याची मागणी केली. गणवेशावरून ते उतरले २०१८ चा हंगाम संपल्यावर. ज्याचा सन्मान केल्याचे सांगायचे, त्याच्याच लोकांचे म्हणणे अठरा वर्षे कानाआड करायचे, याला सन्मान म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा परंपरेचा. वॉशिंग्टनच्या संघाला ‘रेडस्किन्स’ हे नाव १९३३ मध्ये, संघ बोस्टनला असताना, मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी दिले. याच मार्शल यांच्या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये सर्वांत शेवटी, १९६२ मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतले, तेही केंद्र सरकारने दट्ट्या लावल्यावर. ती परंपरा मोडली म्हणून आज कुणी गळा काढत नाही. मग हीच तेवढी पवित्र कशी?

तिसरा मुद्दा खुद्द मूलनिवासींच्या मताचा, आणि तो वजनदार आहे. २०१६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पाहणीत दहापैकी नऊ मूलनिवासींनी ‘रेडस्किन्स’ या नावाने आपण दुखावलो नाही, असे सांगितले होते. परंतु २०२० मधील दुसऱ्या अभ्यासात जवळपास निम्मे लोक दुखावलेले आढळले; जे आपल्या संस्कृतीत अधिक रमलेले, त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त होते. शिवाय मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग यांच्या प्रयोगांत अशी चिन्हे पाहिल्यावर मूलनिवासी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान खालावलेला दिसला. इजा झाली की नाही, हे केवळ राग आला का एवढे विचारून ठरत नाही.

उरतो तो ‘फायटिंग आयरिश’चा दाखला. नोत्र दाम विद्यापीठाच्या या नावाला कुणी हरकत घेत नाही, मग इथेच का, असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे. या कॅथलिक विद्यापीठाच्या घडणीत आयरिश वंशाच्या लोकांचा मोठा वाटा होता आणि ते नाव त्यांनी आपले म्हणून मिरवले. स्वतः घेतलेले नाव आणि दुसऱ्याने चिकटवलेले नाव यांना एका तागडीत घालता येणार नाही.

तेव्हा अशी सगळीच नावे पुसून टाका, असे माझे म्हणणे नाही. रास्त कसोटी आहे ती संमतीची. २००५ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने अशा नावांवर निर्बंध घातले, तेव्हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे ‘सेमिनोल्स’ टिकले, कारण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने रीतसर पाठिंबा दिला होता. नॉर्थ डकोटा विद्यापीठाला ‘फायटिंग सू’साठी दोन जमातींचा होकार हवा होता. स्पिरिट लेकने तो दिला, स्टँडिंग रॉकने दिला नाही, नाव गेले. हाच न्याय सर्वांना लावावा, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही जमातींकडेच राहावा.

मूलनिवासींवरून नावे घेतलेल्या कॅन्सस सिटी आणि अटलांटाच्या संघांच्या मैदानांवर आजही हजारो प्रेक्षक हाताची कुऱ्हाड करून एका सुरात आरोळ्या ठोकतात. त्या संघांच्या मालकांनी जाहिरातदारांच्या दबावाची वाट पाहू नये. आधी जमातींच्या परिषदांसमोर जाऊन विचारावे. नकार मिळाला तर तो शिरोधार्य मानून नाव आणि आरोळी दोन्ही सोडावीत. नाव बदलल्याने क्लीव्हलंडचा खेळ थांबला नाही, यांचाही थांबणार नाही.