पदवीधर, हुद्दा आणि मधला संसार

डिसेंबर लागला की महाविद्यालयांना आपल्या माजी विद्यार्थ्यांची आठवण होते. मेळाव्याची तारीख ठरते आणि जुन्या वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर गूगल फॉर्म फिरू लागतो. नाव, पदवीचं वर्ष, सध्याचा हुद्दा, कंपनी आणि शेवटी, जरा आडवळणानं, 'महाविद्यालयासाठी आपण काय योगदान देऊ शकाल?' या आठवणीत माया असते, नाही असं नाही. पण नॅकही असतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे. त्याच निकषांत पदवीनंतर किती जणांना नोकरी लागली आणि किती जण पुढं शिकायला गेले, याचाही हिशेब द्यावा लागतो.

पदवीच्या वर्षीच लग्न होऊन जी मुलगी सासरी गेली, ती या हिशेबात कुठंच बसत नाही. कामाला जुंपलेले प्राध्यापक फोन लावतात, पलीकडून 'सध्या घरीच आहे' असं उत्तर येतं आणि रकाना कोरा राहतो. पुढच्या वर्षी तिचं आडनावही बदललेलं असतं, नंबरही.

घरचं काही विचारू नये, तो ज्याचा त्याचा खासगी मामला, असं म्हणणारे भेटतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या कॉलेजांना असा संकोच कधी वाटला नाही. तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत बढती, लग्न, बाळाचा जन्म, निधन या बातम्या वर्षानुवर्षं एकाच पानावर येत आल्या आहेत. त्यात मिरवणं भरपूर असतं. पण माणूस निदान अखंड दिसतो.

आपल्याकडं तो का दिसायला हवा, हे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींच्या आयुष्यावरून कळतं. त्या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या टाटा संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, नकार दिला. कमलाबाईंनी तो मानला नाही. अखेर प्रवेश मिळाला तो वर्षभराच्या परीक्षेवर आणि अटी घालून. ते वर्ष त्यांनी निभावलं, १९३६मध्ये तिथली पदवी घेतली, आणि नंतर त्या संस्थेत मुलींना वाट मिळाली. तिथून त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली पीएच.डी. झाल्या. वनस्पतींमध्येही सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी तिथं दाखवलं. परतल्यावर आधी दिल्ली, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा.

१९४७ साली लग्न झालं आणि त्या कुन्नूर सोडून मुंबईला आल्या. इथं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी नीरा आणि कडधान्यांवर विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलं. संचालकपद मिळायला मात्र बराच उशीर झाला. आता एखाद्या संस्थेनं फक्त हुद्द्यांची यादी ठेवली, तर १९४७ची बदली नुसती बदली दिसेल. वनस्पतींवरचं काम भागवतांच्या नावावर, कडधान्यांवरचं सोहोनींच्या नावावर, आणि दोघी एकच होत्या हे सांगणारा लग्नाचा दुवा यादीत नाही.

इरावती कर्व्यांची गोष्ट दुसऱ्या टोकाची. १९२६ साली फर्ग्युसनमधून पदवी, नंतर मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्य्यांच्या हाताखाली एम.ए., आणि लग्नानंतर बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात पीएच.डी. पत्नीनं जर्मनीत जाऊन शिकावं हे पती दिनकररावांनी ठरवलं. ते स्वतः तिथं शिकून आले होते. विरोध होता तो सासऱ्यांचा, आणि सासरे होते महर्षी कर्वे! स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवलेल्या माणसालाही घरची सून परदेशी पाठवणं जड गेलं. बर्लिनच्या प्रबंधामागं घरातला हा वाद होता, हे पदवीच्या कागदावर कुठून येणार?

हा केवळ बायकांचा प्रश्न आहे असंही नाही. मनोहर पर्रीकर हे मुंबई आयआयटीचे १९७८चे धातुशास्त्राचे पदवीधर. २०००च्या ऑक्टोबरात ते गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी संस्थेनं त्यांना विशेष माजी विद्यार्थी म्हणून गौरवलं. साधारण याच सुमारास पत्नी मेधा कर्करोगानं गेल्या आणि दोन मुलांचा संसार त्यांच्या एकट्यावर आला. गौरवपत्रात ही ओळ बसली नसती, हे मान्य. पण त्या दोन वर्षांचं वजन तिच्यावाचून कळत नाही.

त्याच आयआयटीला 'इन्फोसिस'च्या नंदन नीलेकणींनी २०२३ साली, प्रवेशाला पन्नास वर्षं झाल्यानिमित्त, ३१५ कोटी दिले. १९९८च्या तुकडीनं रौप्यमहोत्सवाला ५७ कोटींचा संकल्प सोडला. हे आकडे वाचून जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्राचार्यांचे डोळे विस्फारले तर त्यांना दोष देता येत नाही. मात्र बहुतेक महाविद्यालयांत नीलेकणी सापडणार नाहीत. सापडेल ती मुलं शाळेत जाऊ लागल्यावर बी.एड. करून चाळिशीच्या उंबरठ्यावर शिक्षिका झालेली बाई, किंवा वडिलांच्या आजारपणापायी पुण्याची नोकरी सोडून गावी दुकान चालवणारा अभियंता.

त्यांच्यापर्यंत पोचायला नॅकनं नियम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. फॉर्ममध्ये चार ऐच्छिक प्रश्न वाढवावेत: पदवीच्या वेळचं नाव काय, काम मध्येच थांबलं का, कशामुळं, आणि परत सुरू करताना कोणाचा हात लागला. उत्तर द्यायचं की नाही, आणि दिलं तर छापायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आणि मेळावा रविवारी सकाळी नऊला ठेवून 'माजी विद्यार्थिनी येतच नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या आयोजकांनी वेळ दुपारी चारची करून पाहावी, शिवाय लहान मुलांसाठी एक वर्ग उघडा ठेवावा. व्यासपीठावरच्या हारतुऱ्यांपेक्षा त्याला खर्चही कमीच येईल.